कूलिंग लोडचे आकडे वाचायचे कसे: एनर्जीप्लसच्या रिपोर्टपासून टनेजच्या निर्णयापर्यंत

एनर्जीप्लस हे इमारतीच्या कूलिंग-हीटिंगचा भार (लोड) आणि वीज यांचं गणित करणारं सॉफ्टवेअर. त्याच्या एकाच रिपोर्टमध्ये ‘कूलिंग’ नावाचे निदान पाच वेगवेगळे आकडे असतात, आणि बरेच जण त्यातला आधी दिसेल तो उचलतात. मग झोनचा (मॉडेलमधल्या एका खोलीचा किंवा भागाचा) लोड चिलरच्या (थंडाई पुरवणाऱ्या मुख्य मशीनच्या) नावावर जातो, उष्णतेचे युनिट विजेच्या युनिटमध्ये मिसळतात, आणि सोमवारी सकाळचा एक उंच काटा बघून वीस टन जास्तीची मशीन मागवली जाते. मॉडेलमध्ये काही चुकलेलं नसतं, वाचन चुकलेलं असतं.

इथे गृहीत धरलंय की मॉडेल बांधायला तुम्हाला येतं. डिझाइनबिल्डर, ओपनस्टुडिओ असं कुठलंही आवरण वापरत असाल तरी आत एनर्जीप्लसच चालतं, त्यामुळे पायऱ्या त्याच. उदाहरण म्हणून नागपुरातलं एक काल्पनिक ऑफिस घेऊ: चार मजले, ३,००० चौ.मी. वातानुकूलित जागा, पश्चिमेला भरपूर काच, वर आरसीसी स्लॅब आणि ब्रिकबॅट कोबा. नागपूर मुद्दाम घेतलंय. मे महिन्यातली कोरडी आग, जुलैतला ओलावा आणि डिसेंबरातली पहाटेची थंडी अशा तिन्ही परीक्षा एकाच गावात होतात.

## टप्पा १: आकड्याआधी प्रश्न लिहा

कागदावर एक ओळ लिहा: मला नेमकं काय ठरवायचंय? उत्तर साधारण तीनपैकी एक असतं.

- मशीन किती टनाची घ्यायची? यासाठी पीक लोड (सर्वांत मोठा भार) लागतो, तोही डिझाइन-डेच्या, म्हणजे मशीनची क्षमता ठरवायला घेतलेल्या कडक दिवसाच्या, साइझिंग रिपोर्टमधला.
- वर्षाला वीज किती जाईल? यासाठी वर्षभराच्या रनमधली विजेची बेरीज लागते. लोड इथे मधली पायरी आहे, उत्तर नव्हे.
- काच बदलू, छपराला इन्सुलेशन देऊ की दिवे बदलू? यासाठी लोडची फोड लागते.

एका प्रश्नाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. वार्षिक कूलिंग १० टक्क्यांनी घटलं म्हणून टनेज १० टक्क्यांनी घटत नाही.

मग हे जवळ घ्या: एरर फाइल, एचटीएमएल टेबलांची फाइल, तासागणिक सीएसव्ही, हवामान फाइलसोबत येणारी स्टॅट फाइल, आणि वातानुकूलित क्षेत्रफळ. यातलं शेवटचं स्वतः ड्रॉइंगवरून मोजा. सॉफ्टवेअर एकूण आणि वातानुकूलित असे दोन्ही आकडे देतं आणि जिने-पार्किंग कुठल्यात धरलंय ते नेहमी लक्षात येत नाही.

## टप्पा २: एरर फाइल आणि हवामान

निकालाच्या आधी एरर फाइल उघडा. ‘फेटल’ आली तर रन थांबतोच, त्यामुळे ती कुणी चुकवत नाही. घात होतो तो ‘सिव्हिअर’ आणि ‘वॉर्निंग’मध्ये. तिथे दोन गोष्टी शोधा. एक, वॉर्मअप पूर्ण न झाल्याची सूचना. एनर्जीप्लस पहिलाच दिवस पुन्हा पुन्हा चालवून भिंती-स्लॅबचं तापमान स्थिर करून घेतं. कमाल मर्यादा साधारण २५ दिवसांची ठेवलेली असते. तेवढ्यात स्थिर झालं नाही तर डिझाइन-डेचा पीक थेट बाधित होतो. दुसरी, झोन चहूबाजूंनी बंद नसल्याची सूचना. तिथे आकारमान चुकतं, आणि आकारमान चुकलं की बाहेरून झिरपणारी हवाही चुकते.

हवामान फाइलच्या पहिल्या ओळीत अक्षांश, रेखांश, टाइम झोन आणि उंची असते. नागपूरसाठी रेखांश ७९ च्या आसपास, टाइम झोन ५.५ आणि उंची सुमारे ३१० मीटर दिसायला हवी. टाइम झोन चुकून ५ पडला तर सूर्य अर्धा तास सरकतो आणि पश्चिमेच्या काचेचं सगळं गणित बिघडतं.

हेही ध्यानात घ्या की ही फाइल ‘नमुनेदार’ वर्षाची असते. वेगवेगळ्या वर्षांतले प्रातिनिधिक महिने जोडून ती केलेली असते. एखाद्या वर्षी आलेली भयंकर उष्णतेची लाट तिच्यात असेलच असं नाही. म्हणून वर्षभराच्या रनमधला सर्वांत मोठा तास म्हणजे ‘सर्वांत वाईट परिस्थिती’ असं समजू नका. डिझाइन-डे त्यासाठीच वेगळा असतो. त्यातला ०.४ टक्क्यांचा दिवस म्हणजे वर्षातल्या ८,७६० तासांपैकी साधारण ३५ तासच ज्याच्या वर जातात असं तापमान. १ टक्क्याचा घेतला तर साधारण ८८ तास.

तपासा: डिसेंबरात उत्तरेच्या काचेवर थेट ऊन शून्य यायला हवं. येत असेल तर इमारत फिरली आहे. जूनमध्ये मात्र उत्तरेला ऊन दिसलं तर घाबरू नका. नागपुरात मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर बराच.

## टप्पा ३: आकड्याचं पूर्ण नाव वाचा, मग एकक, मग वेळ

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

नाव. प्राथमिक अभ्यासात बहुतेक जण ‘आयडियल लोड्स’ ही काल्पनिक यंत्रणा लावतात. तिच्या आउटपुटमध्ये दोन जुळी नावं आहेत: ‘झोन आयडियल लोड्स झोन टोटल कूलिंग’ आणि ‘झोन आयडियल लोड्स सप्लाय एअर टोटल कूलिंग’. पहिलं म्हणजे खोलीतून काढलेली उष्णता. दुसरं म्हणजे कॉइलने (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीने) केलेलं काम, ज्यात बाहेरून घेतलेली ताजी हवा थंड करण्याचाही भार येतो. चिलरचा विचार करताना दुसरं हवं, आणि खोलीच्या डक्टमधली हवा ठरवताना पहिलं. दोघांतला फरक मुख्यतः ताज्या हवेचा असतो. तो शून्य आला तर ताजी हवा जोडायचीच राहिली आहे.

खरी यंत्रणा मॉडेलमध्ये असेल तर कॉइल, चिलर, पंप, पंखा यांचे आउटपुट वेगळे येतात. कॉइलची ‘कूलिंग एनर्जी’ उष्णतेची असते आणि ‘इलेक्ट्रिसिटी एनर्जी’ विजेची.

एकक. तासागणिक आउटपुट जूलमध्ये येतं. ३६,००,००० ने भागलं की किलोवॅट-तास मिळतात. तासाचा रिपोर्ट असेल तर तोच आकडा त्या तासाचा सरासरी किलोवॅट. पण रिपोर्ट दहा मिनिटांच्या टाइमस्टेपचा असेल तर त्याला पुन्हा ६ ने गुणावं लागतं. हे राहिलं की पीक एक षष्ठांश दिसतो, आणि लोड कमी आला म्हणून सगळे खूश होतात. सारांश टेबल गिगाजूलमध्ये असतं. १ गिगाजूल म्हणजे सुमारे २७८ किलोवॅट-तास. टनेजसाठी ३.५१७ किलोवॅट म्हणजे १ टन.

वेळ. सीएसव्हीत १५:०० लिहिलेलं असेल तर ते दुपारी दोन ते तीन या तासाचं आहे. वेळ तासाच्या शेवटची लिहिलेली असते. शिवाय मध्यरात्र २४:०० अशी येते आणि एक्सेलला ती तारीख म्हणून कळत नाही. मग पिव्हट टेबलात रोजचा एक तास गळतो किंवा भलत्या दिवशी जाऊन बसतो. त्यामुळे तारखेच्या रकान्यावर विसंबू नका. १ ते ८,७६० असा क्रमांक शेजारी टाका आणि त्यावरून महिना-तास काढा.

तपासा: सीएसव्हीतल्या तासांची बेरीज सारांश टेबलाशी जुळते का? जुळत नसेल तर तास गळलेत, एकक चुकलंय, नाहीतर मजल्यांचा गुणक आड आलाय. एकच मधला मजला मॉडेलमध्ये आखून तो दोनदा मोजायला सांगितला असेल तर काही झोन-आउटपुट एकाच मजल्याचे येतात आणि मीटर मात्र गुणून येतो.

## टप्पा ४: ढोबळ ताळा

बारकाव्यात शिरण्याआधी तीन भागाकार करा. आपल्या ऑफिससाठी समजा सगळ्या झोनचा एकाच वेळचा पीक ३५५ किलोवॅट आणि वार्षिक कूलिंग ४,२०,००० किलोवॅट-तास (उष्णतेचे) आलं.

१. पीक भागिले क्षेत्रफळ: ३५५ किलोवॅट ÷ ३,००० चौ.मी. = सुमारे ११८ वॅट प्रति चौ.मी.

२. साइटवर चालतो तो हिशेब: ३५५ किलोवॅट म्हणजे १०१ टन, ३,००० चौ.मी. म्हणजे सुमारे ३२,३०० चौ. फूट, म्हणजे टनामागे ३२० चौ. फूट.

३. वार्षिक भागिले पीक: ४,२०,००० ÷ ३५५ = सुमारे १,१८० तास. हे ‘पूर्ण भाराचे समतुल्य तास’. रोज दहा तास, आठवड्याला साडेपाच दिवस चालणारं ऑफिस वर्षाला २,८०० तासांच्या आसपास उघडं असतं. त्यातले १,१८० पटण्यासारखे आहेत.

तिसरा भागाकार फार कुणी करत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका. तो ३०० आला तर पीक कुठल्यातरी क्षणिक काट्यामुळे फुगलाय. २,५०० आला तर एसी रात्रीही चालतोय किंवा शेड्यूलमध्ये रविवारची सुट्टी टाकायची राहिलीय.

सावधान: ‘शंभर चौ. फुटांना एक टन’ हा दुकानातला नियम ताळ्यासाठी वापरू नका. तो पत्र्याखालच्या खोलीलाही तोच आणि मधल्या मजल्यालाही तोच. तुमचं उत्तर त्याच्याशी जुळलं तर उलट शंका घ्या.

## टप्पा ५: उष्णता कुठून आली त्याची फोड

‘झोन कंपोनंट लोड समरी’ हा रिपोर्ट मुद्दाम मागावा लागतो. त्यात भिंत, छप्पर, काच, माणसं, दिवे, उपकरणं, झिरपणारी हवा असे घटक येतात, आणि प्रत्येकासमोर तात्काळ व विलंबित असे वेगळे रकाने असतात. हा विलंब समजला नाही तर लोड समजत नाही.

पश्चिमेच्या काचेतून चार वाजता आत आलेलं ऊन त्या क्षणी एसीवर पडत नाही. ते आधी फरशीवर, टेबलांवर पडतं, त्या वस्तू तापतात, आणि मग हवा तापते. ६० चौ.मी. काच, एसएचजीसी (उन्हातली किती उष्णता काच आत सोडते ते प्रमाण) ०.२५, त्यावर ६०० वॅट प्रति चौ.मी. ऊन धरलं तर आत येणारी उष्णता ९ किलोवॅट. त्या तासाला कूलिंग लोडमध्ये मात्र याहून कमी दिसेल आणि उरलेलं पुढच्या काही तासांत येईल. आत आलेली उष्णता आणि लोड यांचा तासागणिक मेळ बसत नाही म्हणून मॉडेल चुकलं असा निष्कर्ष काढू नका. ताळा घालायचाच तर हवेच्या उष्णता-संतुलनाचे आउटपुट मागवून त्यांची बेरीज शून्याजवळ येते का ते पाहा.

आता मजल्यांची तुलना करा. नागपुरात साधारणपणे वरच्या मजल्याचा लोड सर्वांत जास्त यायला हवा. इन्सुलेशन नसलेला स्लॅब दुपारी तापतो आणि संध्याकाळपर्यंत उष्णता आत सोडत राहतो. वरचा आणि मधला मजला सारखेच येत असतील तर छपराची वरची बाजू ‘अ‍ॅडियाबॅटिक’ (उष्णता आरपार जाऊ न देणारी) लागली असणार. वरचा मजला कॉपी-पेस्टने केलेला असतो तेव्हा हे हमखास होतं.

तळमजल्याचं वेगळं दुखणं आहे. जमिनीचं तापमान तुम्ही दिलं नाही तर एनर्जीप्लस बाराही महिने १८ अंश धरतं. खोली २४ ला, जमीन १८ ला. म्हणजे वर्षभर फुकटची थंडाई. नागपूरच्या मे महिन्यात तळमजल्याचा लोड मधल्या मजल्यापेक्षा बराच कमी दिसला की प्रथम इथे बघा. हवामान फाइलमधली जमिनीची तापमानं थेट टाकणं हाही उपाय नाही. ती मोकळ्या जमिनीची असतात, इमारतीखालच्या नव्हेत. मोठ्या वातानुकूलित इमारतीसाठी सुरुवातीला आतल्या सरासरी तापमानापेक्षा साधारण २ अंश कमी, म्हणजे इथे २२ धरणं ठीक. नेमकं हवं असेल तर जमिनीचं स्वतंत्र गणित मॉडेलमध्ये जोडा.

दिवे आणि उपकरणांची फोड पटकन होते: दिवे ८ वरून ५ वॅट प्रति चौ.मी. केले तर ३,००० चौ.मी. वर ९ किलोवॅट विजेची बचत, आणि सगळे दिवे चालू असताना कूलिंगमधूनही जवळपास तेवढाच भार कमी, म्हणजे अडीच टन.

## टप्पा ६: ओलाव्याचा लोड वेगळा काढा

महाराष्ट्रातल्या मॉडेलांची खरी गोची इथे आहे.

एकूण कूलिंगचे दोन भाग: हवा थंड करण्याचा सेन्सिबल आणि हवेतलं पाणी काढण्याचा लेटंट. आयडियल लोड्समध्ये ओलावा-नियंत्रणाचा पर्याय तुम्ही बदलला नाही तर तो ‘कॉन्स्टंट सेन्सिबल हीट रेशो’ असतो आणि गुणोत्तर ०.७. म्हणजे यंत्रणा सेन्सिबल लोड मोजते आणि तो एकूणच्या ७० टक्के आहे असं धरून ३० टक्के लेटंट त्यावर चढवते. नागपूरचा कोरडा मे असो की भिजलेला जुलै, प्रमाण तेच. तासागणिक आउटपुटमध्ये हे प्रमाण सपाट रेषेसारखं दिसत असेल तर तुमच्या रिपोर्टमधला लेटंट लोड हवामानातून आलेलाच नाही.

करा: ह्युमिडिस्टॅटचा (आर्द्रतेवरून चालणाऱ्या नियंत्रणाचा) पर्याय लावा, आर्द्रतेचा सेटपॉइंट द्या (समजा ५५ किंवा ६० टक्के) आणि पुन्हा चालवा.

फरक किती पडतो ते ताज्या हवेवर हातानेच करून बघा. आत २४ अंश, ५० टक्के आर्द्रता. म्हणजे किलोभर हवेत साडेनऊ ग्रॅमच्या आसपास पाणी. बाहेरून सेकंदाला १ किलो हवा घेतो.

मे महिन्यातली दुपार: बाहेर ४३ अंश, आर्द्रता १८ टक्के. हवेत पाणी सुमारे १० ग्रॅम, म्हणजे आतल्याइतकंच. लेटंट जवळपास शून्य. सेन्सिबल: १९ अंशांचा फरक, सुमारे १९ किलोवॅट.

जुलैतला ढगाळ दिवस: बाहेर २८ अंश, आर्द्रता ८० टक्के. पाणी सुमारे २० ग्रॅम. सेन्सिबल फक्त ४ किलोवॅट. पण दर किलोमागचं १० ग्रॅम पाणी काढायला सुमारे २५ किलोवॅट. एकूण २९.

म्हणजे ताज्या हवेचा भार ४३ अंशांच्या उन्हापेक्षा २८ अंशांच्या पावसात दीडपट. सभागृह, वर्ग, कॉल सेंटर अशा दाट वस्तीच्या जागांत, जिथे ताजी हवा भरपूर लागते, तिथे कॉइलचा पीक जुलै-ऑगस्टमध्ये निघाला तर तो नाकारू नका. साइझिंगसाठी मात्र कोरड्या तापमानाच्या डिझाइन-डेसोबत ओल्या हवेचा डिझाइन-डेही चालवा. स्टॅट फाइलसोबतच्या डिझाइन-डेंच्या फाइलमध्ये दवबिंदूवर किंवा वेट बल्बवर आधारलेले दिवस दिलेले असतात. लोक फक्त पहिला उचलून बाकीचे काढून टाकतात.

तपासा: महिनावार लेटंट आणि सेन्सिबल शेजारी मांडा. मे महिन्यात लेटंट कमी, पावसाळ्यात ठळक, डिसेंबर-जानेवारीत पुन्हा कमी, असा आकार दिसला तर ठीक. मुंबई-रत्नागिरीच्या मॉडेलमध्ये मात्र मे महिन्यातही लेटंट चांगलाच मोठा यायला हवा.

## टप्पा ७: पीक कधी आला ते बघा, मग किती

पीकचा आकडा वाचण्याआधी त्याचा दिवस आणि तास वाचा. मे-जूनमधली दुपार तीन ते पाच: पटतं. पावसाळ्यातली दुपार: वरचं गणित बघता पटू शकतं. सोमवार, सकाळी नऊ: थांबा.

शनिवारी दुपारी एसी बंद होतो, रविवारभर इमारत तापते, आणि सोमवारी नऊच्या ठोक्याला सेटपॉइंट २४ वर येतो. आयडियल लोड्सला क्षमतेची मर्यादा दिलेली नसेल तर ती यंत्रणा पहिल्याच टाइमस्टेपमध्ये खोली २४ वर आणते. त्या दहा मिनिटांचा लोड दुपारच्या खऱ्या पीकच्या दीडपटही जाऊ शकतो. टाइमस्टेपचा आलेख काढलात तर नऊ वाजता सरळ वर गेलेला आणि साडेनऊपर्यंत कोसळलेला काटा दिसेल. तेवढ्यासाठी मशीन घ्यायची नसते. एसी तासभर आधी सुरू करायचं शेड्यूल लावा आणि पुन्हा पाहा. काटा गेला, तर तो वेळापत्रकाचा होता.

दुसरी गोष्ट बेरजेची. पूर्वेच्या झोनचा पीक सकाळी नऊ-दहाला, पश्चिमेच्याचा चार-पाचला. सगळ्या झोनचे आपापले पीक बेरीज केले तर आपल्या उदाहरणात ४३० किलोवॅट, म्हणजे १२२ टन येतात. एकाच क्षणीचा सर्वांत मोठा ३५५, म्हणजे १०१ टन. प्रत्येक खोलीची हवा आणि टर्मिनल युनिट पहिल्या हिशेबाने, सामाईक चिलर दुसऱ्या. प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्प्लिट एसी असेल तर अर्थातच पहिलाच हिशेब लागू. एका खोलीची उरलेली क्षमता दुसरीला देता येत नाही.

तिसरी, सेफ्टी फॅक्टर. साइझिंग टेबलात ‘कॅल्क्युलेटेड’ आणि ‘युजर’ असे दोन रकाने असतात. दुसऱ्यात साइझिंग फॅक्टर आधीच गुणलेला असतो. तो बदलला नसेल तर कूलिंगला १.१५ आणि हीटिंगला १.२५. त्यावर सल्लागार १० टक्के घालतो, विक्रेता आणखी १० टक्के. १.१५ × १.१ × १.१ म्हणजे १.३९, १०१ टनांचे १४० टन.

सावधान: जादा टनेज ‘सुरक्षित’ नसतं. मोठी मशीन पावसाळ्यात पाच-सात मिनिटांत तापमान गाठते आणि बंद पडते, कॉइलवर पाणी जमायला वेळच मिळत नाही, आणि खोली थंड पण दमट राहते. तक्रार आली की सेटपॉइंट आणखी खाली जातो.

## टप्पा ८: हीटिंगचा आकडा दिसलाच तर

नागपूरच्या ऑफिसात हीटिंग लोड आला की आधी महिनावार बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थोडासा: बाहेर १०-१२ अंशांपर्यंत उतरतं, त्यामुळे शक्य आहे, पण ऑफिस तर बंद असतं. बहुधा हीटिंग सेटपॉइंट २१ वर चोवीस तास लागलेला असतो किंवा ताजी हवा रात्रीही सुरू असते. मे महिन्यात हीटिंग दिसलं तर रीहीट (थंड केलेली हवा पुन्हा तापवणं) चालू आहे, नाहीतर हीटिंग आणि कूलिंगचे सेटपॉइंट एकमेकांना चिकटलेत.

इमारतीत हीटरच बसणार नसेल तर हीटिंग बंद करून चालवा. नाहीतर वर्षाच्या एकूण आकड्यात तो खर्च उगाच मिसळतो.

हिवाळ्यातही मधल्या भागात कूलिंग दिसलं तर ती चूक नसते. माणसं, दिवे आणि संगणक यांची उष्णता बाहेर जायला भिंतच नसते.

खरोखर थंड जागेचं काम असेल, समजा लेहचं, तर दोन गोष्टी. हीटिंगच्या डिझाइन-डेत सहसा ऊन आणि माणसांची उष्णता धरत नाहीत, म्हणून तो पीक वार्षिक रनपेक्षा बराच मोठा येतो. हे अपेक्षितच आहे. आणि साडेतीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे तेवढीच उष्णता वाहून न्यायला पंख्याला जास्त घनमीटर हवा लागते. हवामान फाइलमधली उंची चुकली तर हे सगळं चुकतं.

## टप्पा ९: लोडवरून विजेकडे

आयडियल लोड्स वीज वापरतच नाही. तिचं कूलिंग सारांश टेबलात ‘डिस्ट्रिक्ट कूलिंग’ या रकान्यात पडतं, आणि ‘टोटल साइट एनर्जी’त ते विजेसोबत बेरजेला येतं. आपल्या उदाहरणात दिवे-उपकरणांची वीज समजा १,८०,००० युनिट. त्यात ४,२०,००० मिळवले की ६,००,०००, म्हणजे चौ. मीटरला २०० युनिट. क्लायंट हादरतो.

खरा हिशेब असा: पंखे, पंप, कूलिंग टॉवर धरून पूर्ण यंत्रणेचा वार्षिक सीओपी (एका युनिट विजेत किती युनिट उष्णता काढली ते) ३.२ गृहीत धरला तर ४,२०,००० ÷ ३.२ = सुमारे १,३१,००० युनिट. एकूण ३,११,००० आणि चौ. मीटरला १०४.

इथे सीओपी कुठला ते नीट बघा. ब्रोशरमधला आकडा ठरावीक चाचणी-परिस्थितीतला आणि फक्त मशीनचा असतो. त्यात पंप-पंखे नसतात, आणि ४३ अंशांना हवेवर थंड होणारी मशीन तेवढी कार्यक्षम राहत नाही. सुरुवातीचा अंदाज म्हणून भागाकार चालेल; निविदेसाठी खरी यंत्रणा मॉडेल करा.

## टप्पा १०: लोड ‘कमी’ आला असेल तर तो गाठला गेला का?

दोन पर्यायांची तुलना करण्याआधी सेटपॉइंट न गाठलेले तास बघा. एनर्जीप्लस साधारण ०.२ अंशांची सूट देऊन ते मोजतं, अ‍ॅश्रे ९०.१ (इमारतींच्या ऊर्जा-कार्यक्षमतेचं अमेरिकी मानक) च्या अपेंडिक्स जी नुसार वर्षाला ३०० तासांच्या आत राहावं लागतं. एका पर्यायात लोड ८ टक्के कमी आणि न गाठलेले तास ९०० असतील तर ती बचत नव्हे. खोली तापलेलीच राहिली आहे.

तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. काच आणि दिवे एकदम बदलले तर फरक कुणाचा ते सांगता येत नाही. आणि एकूण आकड्याच्या अचूकतेपेक्षा दोन पर्यायांतल्या फरकावर जास्त भरवसा ठेवा. माणसं किती येतील, खिडक्या कोण उघडेल, हे दोन्ही पर्यायांत सारखंच चुकलेलं असतं.

इमारत उभी असेल आणि वीजबिलं हाती असतील तर महिनावार ताळा घाला. अ‍ॅश्रे गाइडलाइन १४ ची मर्यादा महिन्याच्या आकड्यांसाठी अशी: सरासरी कल ±५ टक्क्यांत आणि सीव्ही-आरएमएसई (महिन्यामहिन्याच्या चुकांचं माप) १५ टक्क्यांत. बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना वेगळा असतो, रीडिंगच्या तारखा लावून मगच जुळवा.

अहवालात टनेज कधी एकटं लिहू नका. त्याच्याच ओळीत एवढं यावं: ‘१०१ टन, सर्व झोनचा एकत्रित पीक, ताज्या हवेसह, साइझिंग फॅक्टर न धरता, ०.४ टक्क्यांचा डिझाइन-डे, नागपूर. आत २४ अंश, ५५ टक्के. दिवे ८, उपकरणं १२ वॅट प्रति चौ.मी.; काचेचा एसएचजीसी ०.२५.’ पुढे कुणी सेटपॉइंट २६ केला, किंवा पैसे वाचवायला काच बदलून ०.५ ची घेतली, तर हा आकडा आता लागू नाही हे वाचणाऱ्याला तुम्हाला फोन न करता कळेल.